'सोलारिस': समुद्र गेला कुठे?

खाडीकाठ | रविवार, रात्री ११.१०

काल आमच्या नौपाड्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचा 'सोलारिस' (१९७२) हा सिनेमा दाखवला. दाखवला म्हणजे हट्टानं मीच दाखवला. भाच्याचा प्रोजेक्टर, पडद्याच्या जागी डबलबेडची पांढरी चादर, चार कोपऱ्यांत डासांच्या कॉइली आणि मॉसफिल्मची यूट्यूब वाहिनी, एवढी सामग्री. सुरुवातीला २३ माणसं होती. पावणेतीन तासांनी नऊ उरली, त्यातले दोघे घोरत होते. टोकियोच्या पुलांवरून आणि बोगद्यांतून गाडी नुसती जातच राहते, तो पाचेक मिनिटांचा प्रवास मात्र सगळ्यांनी हूं की चूं न करता पाहिला. रोज माजिवड्याला अडकणाऱ्या माणसांना पुढे सरकणारी गाडी बघूनच बरं वाटलं असणार.

संपल्यावर चहा झाला. सगळी चर्चा हारीची. नायक क्रिसची मेलेली बायको अंतराळस्थानकावर त्याच्यासमोर पुन्हा कशी येते, तो कसा जळत राहतो, शेवटी बापापुढे गुडघे कसे टेकतो. एकाला स्वतःचे वडील आठवले, तो जरा गप्पच झाला. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकू (भूगोलाच्या शिक्षिका, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली) म्हणाल्या, "ते सगळं खरं रे, पण त्या समुद्राचं काय झालं? त्याला काय हवं होतं?"

कुणी काही बोललं नाही. मला टाळी वाजवावीशी वाटली. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या लेमच्या कादंबरीच्या जवळ पोचलेल्या गच्चीवर त्या एकट्याच, आणि त्यांनी कादंबरी उघडूनही पाहिलेली नाही.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रहस्यभेद आहे, नंतर ओरडू नका. पोलिश लेखक स्तानिस्वाव लेमची ही कादंबरी १९६१ ची. सोलारिस नावाचा दोन सूर्यांचा ग्रह, आणि जवळजवळ सगळा ग्रह व्यापून पसरलेला एक समुद्र. हा समुद्र सजीव असावा, कदाचित विचारही करत असावा, कारण ग्रहाची कक्षा तो स्वतः सांभाळून ठेवतो. माणसं शंभराहून अधिक वर्षं त्याचा अभ्यास करताहेत. पाण्यावर डोंगराएवढे आकार उगवतात आणि मोडतात. त्यांना नावं दिली आहेत: मिमॉइड, सिमेट्रिएड, असिमेट्रिएड. नावांवर ग्रंथ, ग्रंथांवर टीका, टीकाकारांचे पंथ. क्रिस केल्विन स्थानकाच्या ग्रंथालयात बसून पानंच्या पानं हे वाचत राहतो, आणि आपल्या हळूहळू ध्यानात येतं की एवढ्या कपाटांत समुद्राविषयी कुणालाच काही कळलेलं नाही.

मग स्थानकावरचे संशोधक समुद्रावर क्ष-किरण सोडतात, आणि त्यानंतर एकेकाकडे 'पाहुणे' यायला लागतात. क्रिसकडे येते हारी, दहा वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली. ही भेट आहे? शिक्षा? प्रयोग? की समुद्राच्या लेखी काही घडलेलंच नाही? लेम सांगत नाही. त्याला माहीत आहे आणि तो लपवतोय असंही वाटत नाही. न कळणं हाच त्याचा विषय. स्थानकावरचा एक संशोधक, स्नाउट, एके ठिकाणी बोलून टाकतो, आपल्याला दुसरी जगं नकोच आहेत, आरसे हवे आहेत.

तारकोव्हस्कीनं आरसा दिला. पहिली चाळीसेक मिनिटं पृथ्वीवरच जातात: तळं, पाण्यात हलणारं शेवाळ, पाऊस, वडिलांचं घर. कादंबरी पहिल्याच पानावर अवकाशात असते. ग्रंथालय सिनेमातही आहे, पण तिथे मेणबत्त्या, ब्रॉयगेलची चित्रं आणि स्नाउटचा वाढदिवस. वर बाखचं संगीत. विलक्षण सुंदर आहे, मी चौथ्यांदा पाहिला. पण समुद्र मागे मागे जातो, आणि शेवटी तर एका बेटावर वडिलांचं घर मांडून देतो. म्हणजे आपलं दुखणं समुद्रालाही कळलं!

सिनेमावाले गोष्ट बदलतात ही माझी तक्रार नाही. लेखकानं जाणूनबुजून रिकामी ठेवलेली जागा ते भरून टाकतात, आणि भरायला हाताशी सामान तेच: बायको, बाप, मूल, घर. तुमच्या पाहण्यातली अशी उदाहरणं असतील तर लिहा. 'पुस्तक नेहमीच सिनेमापेक्षा चांगलं' असा प्रतिसाद देणाऱ्याला चादर धुवायला बोलावण्यात येईल.

मिसळीतली शेव | रविवार, रात्री ११.३२

रुमाल टाकून ठेवते. उद्या ऑफिसातून सविस्तर लिहीन. (चादर गार पाण्यात की गरम?)

तीनहातनाका | सोमवार, सकाळी ८.०५

लेख आवडला, मुद्दा पटला नाही.

सिनेमाला चेहरा लागतो हो. शंभर वर्षांच्या फसलेल्या शास्त्राचा सिनेमा करणार कसा? संदर्भग्रंथांची यादी पडद्यावर सरकवायची? 'कळत नाही' हे शब्दांत लिहिता येतं. कॅमेऱ्यापुढे काहीतरी ठेवावंच लागतं. ठेवलं की दिसतं, आणि दिसलं की बघणारा त्याला अर्थ चिकटवतो. तुमच्या काकूंचंच बघा. 'समुद्राला काय हवं होतं' हा प्रश्न तरी लेमला चालला असता का? 'हवं असणं' हे आपलंच की. समुद्राला काही हवं असतं, हे तुम्हाला सांगितलं कुणी?

दुसरं. लेम या सिनेमावर रागावला होता, पण तो सिनेमाविरुद्ध पुरावा होत नाही. त्या वर्षी कान चित्रपट महोत्सवात ज्युरींचं खास ग्रां प्री याच सिनेमाला मिळालं. लेखक रागावतातच, तो त्यांचा जोडधंदा आहे.

काडीपेटी | सोमवार, सकाळी ८.२०

तारकोव्हस्कीनं पुढच्या सिनेमाचं (१९७५) नावच 'मिरर' ठेवलं. स्नाउटचं ऐकलं म्हणायचं.

(पळतो)

खाडीकाठ | सोमवार, दुपारी १.४५

तीनहातनाका, काकूंच्या प्रश्नाबद्दलचं तुमचं म्हणणं बिनतोड आहे. लेमनं त्यांनाही थांबवलं असतं. पण निदान समुद्राकडे बघायला तरी त्यांनी मान वळवली!

रागावण्याबद्दल थोडं. लेम मॉस्कोला जाऊन तारकोव्हस्कीशी काही आठवडे भांडला आणि शेवटी 'दुराक' म्हणजे मूर्ख असं तोंडावर म्हणून परत आला, हे त्यानंच पुढे सांगितलं. यानं 'सोलारिस' केलाच नाही, 'क्राइम अँड पनिशमेंट' केला, ही त्याची तक्रार. गंमत बघा, शिवी द्यायला त्याला दोस्तोयेव्हस्की सापडला. आपल्याकडच्या एखाद्या दिग्दर्शकाला कुणी असं म्हटलं असतं तर त्यानं ते पोस्टरवर छापलं असतं.

पण त्या शिवीत नेमकेपणा आहे. अपराध, पश्चात्ताप, क्षमा ही माणसामाणसांतली देवघेव आहे. ती समोर आली की समुद्र आपोआप न्यायाधीश होतो किंवा देव होतो. लेमला दोन्ही नको होतं. अवकाश वाईट आणि पृथ्वी गोड, असा सूर सिनेमात लागला, हेही त्याला खटकलं होतं.

२००२ मध्ये सोडरबर्गनं जॉर्ज क्लूनीला घेऊन पुन्हा केला. तेव्हा लेम ८१ वर्षांचा. सिनेमा न पाहता नुसती परीक्षणं वाचून त्यानं लिहिलं की माझ्या पुस्तकाचं नाव 'सोलारिस' आहे, 'अंतराळातलं प्रेम' नाही. न पाहता बोलणं चूकच. पण मी पाहिलाय, आणि म्हातारा बरोबर होता.

चेहऱ्याचा मुद्दा डोक्यात घोळतोय. सध्या उत्तर नाही.

सानपाडा सव्वानऊ | सोमवार, रात्री ९.५०

'ब्लेड रनर' कुणी काढलाच नाही अजून? मग मी काढते.

फिलिप के. डिकची 'डू अँड्रॉइड्स ड्रीम ऑफ इलेक्ट्रिक शीप?' (१९६८) मी ट्रान्स-हार्बरवर वाचली, सानपाडा ते ऐरोली, पंधरा दिवस, उभ्यानं. सिनेमा (१९८२) आधी पाहिलेला. त्यामुळे पहिली पन्नास पानं वाटत राहिलं की चुकून दुसरंच पुस्तक आणलं. डेकर्ड हा अँड्रॉइडांचा, म्हणजे हुबेहूब माणसासारख्या यंत्रांचा, शिकारी. त्याला बायको आहे, तिच्याशी तो मूड बदलायच्या यंत्रावरून भांडतो, आणि गच्चीवर त्याची एक विजेवर चालणारी मेंढी आहे. खरं जनावर परवडत नाही म्हणून खोटं पाळलंय, आणि शेजाऱ्याला कळू नये ही धडपड. महायुद्धानंतर बहुतेक प्राणी मेलेले, त्यामुळे खरं जनावर सांभाळणं हाच धर्म आणि हीच प्रतिष्ठा. सिनेमात त्यातलं एक कृत्रिम घुबड आणि एक साप उरलाय.

दुसरं म्हणजे मर्सरवाद. सिनेमात त्याचा मागमूस नाही. एका पेटीच्या मुठी धरायच्या की तुम्ही डोंगर चढणारा मर्सर नावाचा म्हातारा होता. त्याला कुणी दगड मारला तर तुमच्या हातातून रक्त येतं. त्याच क्षणी मुठी धरून बसलेल्या सगळ्यांच्या वेदना एकत्र. आपल्याकडे वारी टीव्हीवर बघून घरबसल्या पायाला फोड यावेत, तसं काहीसं. पुढे हा मर्सर बनावट निघतो, स्टुडिओत चित्रित केलेला एक दारुडा नट. आणि तरीही त्या अनुभवातलं काहीतरी खरं उरतं. डिकची सगळी गंमत इथे आहे आणि सिनेमानं नेमकं हेच कापलं.

आणि तो कोळ्याचा प्रसंग. इसिडोरला एक जिवंत कोळी सापडतो. अशा जगात ही केवढी गोष्ट! प्रिस ही अँड्रॉइड कात्री घेते आणि चार पायांवर चालतो का बघू म्हणून एकेक पाय कापत जाते. राग नाही, मजाही नाही, नुसतं कुतूहल. हे वाचताना मी ऐरोलीला उतरायचं विसरले, दिघा गाव गेल्यावर भानावर आले.

डिकच्या डोक्यात हे कुठून आलं? आधीच्या एका कादंबरीसाठी तो नाझींची कागदपत्रं वाचत होता. पोलंडमधल्या एसएस या नाझी दलातल्या एका माणसाच्या डायरीत तक्रार होती, उपाशी मुलांच्या रडण्यानं रात्री झोप लागत नाही. दिसायला माणूस, आत काहीतरी नाहीच. त्याचे अँड्रॉइड म्हणजे ते. सिनेमाचा दिग्दर्शक रिडली स्कॉटनं त्यांना सुंदर, दुःखी, आपल्यापेक्षा वरचढ केलं. शेवटी रॉय हा अँड्रॉइड डेकर्डला वाचवतो आणि पावसात ते सुप्रसिद्ध भाषण करून मरतो. त्या भाषणातलं अश्रू आणि पावसाचं वाक्य रॉयचं काम करणाऱ्या रुटगर हाउअरनं स्वतः घातलं. म्हणजे सिनेमातलं जे वाक्य जगाला पाठ आहे, ते ना डिकचं ना पटकथाकारांचं.

खाडीकाठ, तुमच्या भाषेत सांगायचं तर डिकनं आत काही नसलेली माणसं दाखवली होती. सिनेमानं त्यांच्या आत आत्मा भरला.

तीनहातनाका | सोमवार, रात्री १०.४०

सानपाडा, सुरेख लिहिलंत. पण अर्धीच बाजू. कादंबरीत डेकर्डला त्या लूबा लुफ्ट नावाच्या अँड्रॉइड गायिकेबद्दल कळवळा वाटायला लागतो ना? आणि शेवटी वाळवंटात सापडलेला बेडूक खोटा निघतो, तेव्हा तो म्हणतो की विजेवर चालणाऱ्यांचंही एक आयुष्य असतं, क्षुद्र का असेना. बी डिकचंच आहे. स्कॉटनं त्याचं झाड केलं.

शिवाय डिक लेमसारखा रुसला नाही. पहिली पटकथा त्याला आवडली नव्हती, पण पुढची सुधारित वाचून आणि थोडी दृश्यं बघून तो हरखला होता. पूर्ण सिनेमा बघणं त्याच्या नशिबी नव्हतं. २ मार्च १९८२ ला गेला, सिनेमा आला जूनमध्ये.

सानपाडा सव्वानऊ | सोमवार, रात्री ११.०२

बेडूक मान्य. पण डेकर्डला कळवळा वाटतो आणि समोरच्याला वाटत नाही, हीच डिकची भीती होती. शिकाऱ्याचं काय होतं हा त्याचा प्रश्न. सिनेमात प्रश्न सावजाचा झाला.

(आईशपथ, हे वाक्य बरं जमलं. वहीत लिहून ठेवते.)

येऊरकर | मंगळवार, सकाळी ७.१५

मी रोज सकाळी येऊरला फिरायला जातो. पावसाळ्यातल्या सोमवारी तिथलं दृश्य ठरलेलं. रविवारच्या मंडळींनी टाकलेल्या चिप्सच्या पुड्या, बाटल्या, अर्धवट जळलेला कोळसा, एखादी चप्पल. आणि माकडं बसून एकेक वस्तू उलटीपालटी करून बघत असतात. एक जण पुडी डोक्यावर घालतो. दुसरा बाटलीत बोट अडकवून किंचाळतो.

स्त्रुगात्स्की बंधूंची 'रोडसाइड पिकनिक' (१९७२) म्हणजे हे. परग्रहावरचे कुणी आले, थांबले, निघून गेले. मागे राहिलेल्या वस्तूंच्या टापूत माणसं जीव धोक्यात घालून शिरतात आणि मिळेल ते काळ्या बाजारात विकतात. ते का आले होते? कादंबरीतला पिलमन नावाचा शास्त्रज्ञ सांगतो, कदाचित रस्त्याकडेला पिकनिकला थांबले असतील. आपल्याकडे त्यांनी पाहिलंही नसेल. एवढा अपमान मानवजातीचा क्वचितच कुणी केला असेल, आणि तोही असा सहज.

यावरूनही तारकोव्हस्कीनंच सिनेमा केला, 'स्टॉकर' (१९७९). पिकनिक गायब. टापू आहे, पण तो देवळासारखा. आत एक खोली, तिथे माणसाची सगळ्यात खोलवरची इच्छा पुरी होते. तीन पुरुष चालतात, भिजतात, श्रद्धेवर बोलतात. माकडांचा गाभाऱ्यात प्रवेश!

पण खाडीकाठ, इथे तुमचा सिद्धांत अडखळतो. पटकथा स्त्रुगात्स्कींनी स्वतःच लिहिली. तारकोव्हस्कीनं पुन्हा पुन्हा लिहायला लावली, त्यांनी लिहिली. आधी केलेलं चित्रीकरण फिल्म धुताना खराब झालं, तेव्हा स्टॉकरचं, म्हणजे टापूतल्या वाटाड्याचं, पात्रही पार बदलून नव्यानं लिहिलं. लेखकच बदलायला तयार असेल तर लेखकाचा हेतू कुठला धरायचा, १९७२ चा की १९७९ चा?

काडीपेटी | मंगळवार, सकाळी ७.४०

माकडांची बाजू घेणारं कुणीच नाही इथे. निषेध.

निरूपण | मंगळवार, दुपारी ४.३०

बरेच दिवस नुसता वाचतो आहे, आज लिहितो.

लेखकाचा मूळ हेतू ही कल्पना आपल्या मातीत एवढी पवित्र कधी होती? गीतेचे सातशे श्लोक. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांवर ओव्या. माउली म्हणतात की मी व्यासांचा मागोवा घेत, भाष्यकारांना वाट विचारत चाललो आहे. पण चालता चालता त्यांनी जे उभं केलं ते गीतेत शोधायला जाल तर दमून जाल. मग टिळक आले. मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं, १९१५ मध्ये छापून आलं, आणि म्हणाले की आधीच्या टीकाकारांनी गीता आपापल्या संप्रदायाकडे ओढून नेली, खरी गीता कर्मयोग सांगते. म्हणजे त्यांनीही ओढलीच, फक्त दुसरीकडे. आपण दोन्ही ग्रंथ डोक्यावर घेतो. मग एका रशियन माणसानं एका पोलिश कादंबरीवर निरूपण केलं तर एवढा गहजब कशाला?

कीर्तनकार पूर्वरंगाला अभंग घेतो आणि उत्तररंगात भलत्याच गोष्टीत शिरतो. श्रोता तक्रार करत नाही. शेवटी तो मूळ अभंगावर परत आला की झालं.

खाडीकाठ | मंगळवार, रात्री १०.१५

निरूपण, तुम्ही नुसतं वाचत बसू नका हो, लिहीत जा.

व्यास मॉस्कोला येऊन 'दुराक' म्हणाले नाहीत, हा टिळकांचा फायदा! पण गंमत सोडा. तुमच्याच कीर्तनाच्या मापानं मोजतो. कीर्तनकार अभंगावर परत येतो, हीच ती अट. 'सोलारिस' परत कुठे येतो? बापाच्या उंबरठ्यावर. मूळ अभंगाचं धृपद 'कळत नाही' असं होतं.

येऊरकर, तुमच्या प्रश्नाला उत्तर देत नाही, कारण देता येत नाही. एवढं म्हणतो की स्त्रुगात्स्कींनी 'स्टॉकर' स्वतः बदलला म्हणून मला तो कमी टोचतो. हे तर्कशुद्ध नाही, माहीत आहे.

बेलापूर भाषांतर | बुधवार, सकाळी ११.००

एक अडचणीचा प्रश्न. तुम्ही वाचलंत ते तरी लेमचं होतं का?

बाजारात वर्षानुवर्षं मिळणारा इंग्रजी अनुवाद १९७० चा. तो पोलिशवरून नाही, फ्रेंच अनुवादावरून केलेला. हारीची तिथे रेया झाली, स्नाउटचा स्नो. लेमला तो आवडला नव्हता. थेट पोलिशवरून बिल जॉन्स्टनचा इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला, लेम जाऊन पाच वर्षं झाल्यावर. म्हणजे सिनेमावर रागावणारे आपण सगळे चहाचं दुसरं पाणी पिऊन मूळ चवीबद्दल भांडतोय.

मी बेलापूरला एका कचेरीत भाषांतरं करते. परिपत्रकं असतात, त्यात तत्त्वज्ञान नसतं. पण रोजचा अनुभव सांगते. शब्द सुटतात, लय जाते, कधी कधी आख्खा विनोद मरतो. मूळ माणसानं न सांगितलेलं मात्र सहसा न सांगितलेलंच राहतं, कारण मला ते भरायची परवानगी नसते. मोह फार होतो. परिपत्रकात 'योग्य ती कार्यवाही करावी' असतं, आणि कुठली कार्यवाही ते कुणालाच माहीत नसतं. मी ते तसंच ठेवते. दोन भाषांतून गाळून आलेल्या 'सोलारिस'मध्येही समुद्र गप्पच आहे. या एका बाबतीत धाग्याशी सहमत.

मिसळीतली शेव | बुधवार, दुपारी ३.२०

रुमाल उचलते. 'अरायव्हल'.

टेड चियांगची कथा १९९८ ची, सिनेमा २०१६ चा. मला दोन्ही आवडतात, आधीच सांगते. कथेत परग्रहावरच्या सप्तपादांच्या भौतिकशास्त्राचा पाया फर्माचं तत्त्व आहे. प्रकाशकिरण पाण्यात शिरताना वाकतो तो कमीत कमी वेळाचा रस्ता धरून. पण कमी वेळाचा रस्ता निवडायचा तर कुठे पोचायचं हे निघतानाच ठाऊक हवं. त्यांना काळ तसा दिसतो, सगळा एकदम. त्यांची भाषा शिकता शिकता कथेची नायिका, भाषातज्ज्ञ लुईज, हिलाही दिसायला लागतो, आणि तिला कळतं की मुलगी पंचविशीत गिर्यारोहण करताना पडून मरणार. तरी ती त्याच वाटेनं जाते. अगतिकपणे नाही, धाडस म्हणूनही नाही. कथेत लग्नविधीचं उदाहरण आहे. भटजी पुढे काय म्हणणार हे सगळ्यांना पाठ असतं, पण म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. आपल्याला तर हे समजावून सांगायलाही नको. 'शुभमंगल सावधान' शेवटी येणारच हे माहीत असूनही आपण अक्षता मुठीत घट्ट धरून उभे असतोच.

सिनेमानं मुलीचा मृत्यू आजारानं केला, लहान वयात. का? तर अपघात टाळता आला असता, असं प्रेक्षकाला वाटू नये म्हणून असावं. पण चियांगनं टाळता येण्याजोगा अपघातच ठेवलाय! टोचतं ते तिथेच. आजार केला की कथा 'दुःख माहीत असूनही आयुष्य स्वीकारशील का' अशी होते. चांगला प्रश्न आहे, पण दुसरा आहे.

आता खाडीकाठ यांच्यासाठी खास. सिनेमात ते का आले याचं उत्तर मिळतं: तीन हजार वर्षांनी त्यांना आपली मदत लागणार आहे. म्हणजे उसनवारी. कथेत ते का आले आणि का गेले, कुणालाही शेवटपर्यंत कळत नाही.

तीनहातनाका | बुधवार, दुपारी ४.०५

हे मात्र लागलं. तीन हजार वर्षांची उसनवारी मीही विसरलो होतो. सिनेमा संपल्यावर पहिलं तेच विसरलं जातं, यावरूनच त्याची गरज किती होती ते कळतं.

काडीपेटी | बुधवार, संध्याकाळी ६.३०

'आय, रोबो' राहिलाच की. आसिमोव्हनं आयुष्यभर सांगितलं की यंत्रं मालकावर उलटतात ही गोष्ट मला नको, आणि २००४ मध्ये त्याच्याच पुस्तकाचं नाव लावून यंत्रं मालकावर उलटवली. पटकथा मुळात वेगळ्याच नावानं लिहिली होती, पुस्तकाचं नाव नंतर चिकटवलं. यात तत्त्वज्ञान बित्वज्ञान काही नाही, पाटी बदललेलं दुकान आहे. विल स्मिथ मात्र आवडतो.

निरूपण | बुधवार, रात्री ९.००

थोडं अवांतर. 'कळणारा परका' आणि 'न कळणारा परका' असे दोन पंथ दिसतात. फ्रेड हॉइलच्या 'द ब्लॅक क्लाउड' (१९५७) मध्ये सूर्याजवळ येऊन थांबलेला आंतरतारकीय ढग बुद्धिमान निघतो, आणि थोड्याच दिवसांत शास्त्रज्ञांशी छान गप्पा मारायला लागतो. ग्रहांवरही जीवसृष्टी असते याचं उलट त्यालाच आश्चर्य. हॉइल शास्त्रज्ञ होता, निसर्ग आज ना उद्या बोलेल ही श्रद्धा त्याच्या रक्तात. त्याचे शिष्य आपले जयंत नारळीकर. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ मध्ये त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं, आपली आद्याक्षरं उलटी करून. मराठी विज्ञानकथा बरीचशी या घराण्यातली, समजावून सांगणारी. लेमचा समुद्र तिला मानवेल का, असा विचार आला.

खाडीकाठ | शुक्रवार, रात्री ११.५०

उशीर झाला, क्षमस्व. कारण सांगतो.

सोमवारीच काकू पुस्तक मागायला आल्या. तो १९७० चाच अनुवाद (बेलापूर, माफी असावी), नौपाड्यातल्या रद्दीवाल्याकडून घेतलेला, मागचं पुठ्ठं गेलेला. मी सांगितलं, मधली ग्रंथालयाची प्रकरणं कंटाळवाणी आहेत, सोडलीत तरी चालेल. सगळेच सोडतात.

आज जिन्यात भेटल्या. नेमकी तीच प्रकरणं त्यांनी दोनदा वाचलीत. हारीबद्दल फारसं बोलल्या नाहीत, "बिचारी" एवढंच. मग पिशवी कठड्यावर ठेवून म्हणाल्या, "अरे, पस्तीस वर्षं मी नववीला ढगांचे प्रकार शिकवले. तंतुमेघ, स्तरमेघ, पुंजमेघ. मुलं घडाघडा म्हणायची. नावं पाठ झाली की त्यांना वाटायचं ढग कळले. मलाही वाटायचं. हा बाबा त्या मिमॉइड-बिमॉइडचं लिहितो ना, तेव्हा मला माझा फळा दिसत होता."

मी निरूपण यांचा हॉइलचा ढग सांगितला, तो बोलतो वगैरे. त्या म्हणाल्या, "बोलणारा नको. वर्गात तसे पुष्कळ होते."

तीनहातनाका, चेहऱ्याचं उत्तर मिळालं असं म्हणत नाही. पण समुद्रावरचा सिनेमा करायचाच झाला तर फळ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंचा करता येईल, असं जिना चढताना वाटलं. बायको-बाप-मूल काही नाही. फळा, खडू, आणि खिडकीबाहेर ढग.

मिसळीतली शेव | शनिवार, सकाळी ९.१०

काकूंना इथे आयडी काढून द्या. आणि पुस्तक वाचून झालं असेल तर मला मिळेल का? मी रविवारी ठाण्यात आहे, गडकरीला नाटक आहे.

तीनहातनाका | शनिवार, सकाळी ९.२५

पटलं असं लिहिणार नाही, सवय नाही. चादर मी धुतो. पत्ता पाठवा.

खाडीकाठ | शनिवार, सकाळी ९.४०

शेव, पुस्तक अजून काकूंकडेच आहे, तिसऱ्यांदा चाललंय. त्यांच्यानंतर भाचा, मग खालच्या मजल्यावरचे घोरणारे गृहस्थ. त्यांनीही मागितलंय, का ते विचारू नका. तुमचा नंबर चौथा.